सकाळचं माप

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

मु. पो. सांगवी, ता. बारामती
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. दिग्विजय यास,

आईचा आशीर्वाद. सौ. राजेश्वरीला आशीर्वाद, छकुलीला पापा. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून तसं लिहिते.

पत्र बघून तू हसशील. वालचंदनगर काही लांब नाही, फोन सगळ्यांच्या खिशात, आणि आई पोस्टात पत्र टाकते. पण फोनवर मी बोलायला लागले की तू म्हणतोस, "आई, कळंना गं काय म्हणतीस, आप्पांकडं दे." दर रविवारी हेच. जीभ अर्धी शिवलेली आहे, हनुवटीखाली भिजवलेल्या कणकेचा गोळा बांधल्यासारखं होतं, शब्द बाहेर येईपर्यंत त्याचं पीठ होतं. हाताला मात्र काही झालेलं नाही. मॅट्रिकला मास्तरांनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला होता, ते अक्षर अजून तसंच आहे. हे पत्र तरी तुला आप्पांकडं देता येणार नाही.

उसाला तोड आली. आपल्या वावराला अजून पंधरा-वीस दिवस लागतील असं आप्पा म्हणतात. गाय गाभण आहे. काल संकष्टी झाली. आता माझा रोजच उपास, पेज, ताक आणि वरणावरचं पाणी, त्यामुळं चंद्राची वाट बघायचं काही कारण नव्हतं, तरी बघितली. देवाला काय ठाऊक ह्या बाईला गिळता येत नाही म्हणून. त्याला उपासच दिसणार.

हे कागद निकिताच्या कॉलेजच्या वह्यांतले उरलेले आहेत. एका बाजूला तिची गणितं दिसली तर वाचू नकोस.

इंदापूरहून तेलाची बाटली आली आहे. त्याचं पुढं लिहिते.

तू दर रविवारी आकडा विचारतोस. "आप्पा, आज मान किती?" एवढंच. तो आकडा निघतो कसा, हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आधी ते सांगते.

ऑपरेशनात मानेतल्या गाठी काढल्या, वर किरणांचा शेक दिला. मुलाणी मॅडमनी, म्हणजे आपल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी, मला पाटाच्या पाण्यावरून समजावलं. चारी बुजली की पाणी वावरातच तुंबतं ना काकू, तसं तोंडाचं आणि मानेचं पाणी खाली उतरायची वाट बंद झालीय. ते तिथंच साठतं. लोकांना ते साठलेलं पाणी दिसत नाही, गाल दिसतात. शेजारची छबूबाई दारातूनच ओरडली होती, "अगं बया, तुला कॅन्सर झाला का बाळंतपण? काय गरगरीत झालीस!" मी हसले. हसताना एकच बाजू हलते, ते तिला दिसलं आणि ती पाणी भरायचं राहिलंय म्हणून निघून गेली.

तर माप. सकाळी उठल्या उठल्या घ्यायचं, चहाच्या आधी. रोज त्याच खुर्चीत, पाठ टेकून, नजर समोरच्या खुंटीवर. कानाच्या पुढं बारका उंचवटा असतो, तिथून हनुवटीच्या टोकापर्यंत टेप धरायची. तिथूनच ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. मग मान तीन ठिकाणी, सेंटिमीटरात, जबड्याखाली, मधे, आणि खाली गळ्याच्या हाडाशी. जागा चुकू नये म्हणून मॅडमनी पेनानं ठिपके दिलेत, मी अंघोळीला ते जपते. मग अंगठ्यानं हनुवटीखाली दाबून धरायचं आणि सोडल्यावर खड्डा किती वेळ राहतो ते बघायचं. रात्रभर आडवं असल्यानं सकाळी सूज सगळ्यात जास्त असते, उभ्यानं कामं केली की दुपारपर्यंत थोडी उतरते. म्हणून सकाळचंच माप खरं धरायचं. आणि माप घेणारा माणूस एकच हवा. टेप कातडीवर नुसती टेकवायची, ओढायची नाही, हे मॅडमनी चार वेळा सांगितलं. सूज मऊ असते, ओढली की टेप रुतते आणि आकडा कमी येतो.

निकिता सातला एमआयडीसीच्या गाडीला जाते, म्हणून हे काम आप्पांकडं आलं. दिगू, इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी दिवसाउजेडी माझ्या तोंडाला कधी हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी टेप लावली आणि लगेच काढून घेतली. "दुखतंय का गं?" म्हणाले. हे विचारायलाही त्यांना तेवढीच वर्षं लागली. मला बरं वाटलं, हे तुला सांगायला लाज नाही वाटत.

आता तुझी अट.

घटस्थापनेनंतर इंदापूरच्या पाहुण्यांनी निकिताला पसंत केलं. त्या दिवशी तू मला मागच्या खोलीत बसवलंस. म्हणालास, आई, आज नको, उगं पहिल्याच भेटीत विषय निघंल. मी बसले. पोह्याला फोडणी मीच दिली, बशा मीच भरल्या, आणि माझे पोहे माझ्या सुनेनं नेले. भिंतीपलीकडं पाहुणे म्हणत होते, चव लई बेस हाय. तोपर्यंत मी तुला काही म्हटलं नाही. मुलगी खपवायची आहे, असं मीच मला समजावलं.

पण साखरपुड्याची तारीख ठरल्यावर तुझा फोन आला. आप्पा मोठ्या आवाजावर ठेवून बोलतात, त्यांना कमी ऐकू येतं. मी शेजारी मेथी निवडत होते. तू म्हणालास, "हे बघा आप्पा, मान सदोतीसच्या खाली आली तर आई बसंल पाटावर. न्हायतर काका-काकूला बसवू. व्हिडिओ असतोय, लोकं झूम करून बघतेत. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय."

चुलता-चुलती पाटावर कधी बसवतात, तुला ठाऊक आहे ना? आई-बाप नसले की. उसाचा उतारा बघून दर ठरवावा तसं माझं पाटावर बसणं तू टेपवर ठरवलंस. वडगाव निंबाळकरहून तुझी काकू, सरुबाई, आली होती ती माझी नजर चुकवत होती. शेवटी म्हणाली, "वैनी, मी काय हौसंनं बसतीय व्हय? दिगूनं सांगितलं म्हून." मी विचारलं, साडी घेतलीस का? तिला माझं बोलणं कळलं नाही, का कळूनही न कळल्यासारखं केलं, देव जाणे. ती गेल्यावर निकितानं सांगितलं, काकूनं मोतिया रंगाची काढून ठेवलीय.

ऑक्टोबरभर आकडा उतरत गेला. चाळीसाची एकोणचाळीस, मग अडतीस, मग साडेसदतीस. रविवारी तू "वा आप्पा, वा!" म्हणायचास. आरशात मला काही वेगळं दिसत नव्हतं, पण मला वाटलं आपली नजर आजारी असेल, टेप कशाला खोटं बोलेल. मी महादेवाला बेल वाहिला. मुलाणी मॅडम महिनाभर रजेवर होत्या, त्यांना आप्पा आकडे फोनवर कळवायचे. उतार बघून त्या म्हणाल्या, छान चाललंय, आता आठवड्याला दोनदा यायला नको, नोव्हेंबरच्या मध्यावर या.

मग गेल्या सोमवारी वरणाचं पाणी घशात अडकलं. ठसका नाही, आवाज नाही, नुसतं बंद. निकितानं पाठीत गुद्दे घातले तेव्हा ते नाकातून आलं. मंगळवारी आप्पांनी मला बारामतीला नेलं. मॅडम रजेवरून आल्या होत्या.

त्यांनी टेप लावली, आकडा बघितला. परत लावली. चाळीसच्या वर एक रेघ.

"काका, परवा साडेसदतीस कळवलंत ना?"

"व्हय."

"मला लावून दाखवा बरं."

आप्पांनी रोजच्यासारखी लावली. मॅडम माझ्या मानेकडं बघतच नव्हत्या, त्यांच्या बोटांकडं बघत होत्या. "काका, टेप ओढताय तुम्ही."

"जराशी वढावी लागती की. न्हायतर लोंबती."

"वासराला दावं बांधताय का? टेकवायची फक्त. मी चार वेळा सांगितलं होतं."

मॅडम निकिताएवढी पोर. तिच्यापुढं तुझे आप्पा टोपी काढून उभे राहिले. मग डॉक्टरांनी नाकातून बारकी दुर्बीण घातली आणि पडद्यावर माझा घसा दाखवला. आतही तीच सूज, जीभ जिथं संपते तिथं, हवा जाते त्या वाटेच्या तोंडाशी. डॉक्टर म्हणाले, बाहेर टेप लावता येते, आत कुठं लावणार? आतलं कळायचा एकच मार्ग, पेशंट काय सांगतो ते आणि ही दुर्बीण. मॅडम म्हणाल्या, "बाहेरचा आकडा खरा असता तर मी तुम्हाला महिनाभर घरी बसू दिलंच नसतं."

येताना आप्पांनी कालव्याच्या पुलावर गाडी उभी केली आणि पाण्याकडं तोंड करून म्हणाले, "काट्यावर जलम गेला माजा. कुणाची एक मोळी हिकडची तिकडं केली न्हाय."

खरंच आहे ते. त्या खाजगी वजनकाट्यावर रात्री-अपरात्री लोक चिरीमिरी घेऊन यायचे आणि हे त्यांना हाकलून द्यायचे, ते तू लहानपणी बघितलंयस.

"मग माझ्याच मानेला का?" मी विचारलं. त्यांना माझं बोलणं कळतं. घरात त्यांना आणि निकितालाच कळतं.

"दिगू सदोतीस म्हणला ना. तुला बसायचं हुतं पाटावर."

"मी कधी म्हटलं?"

"म्हणाया कशाला पायजे? दुपारची पेटीतली साडी काढून बघतीस, परत घडी घालतीस. मला काय दिसत न्हाय?"

त्या माणसावर मला रागावता आलं नाही. पण राग तर आला होता, तो कुठं जाणार? तो तुझ्या वाट्याचा म्हणून राखून ठेवला. हे पत्र म्हणजे तो.

तू म्हणतोस मिश्रीमुळं झालं. राजेश्वरीसमोर म्हणालास, "आईनं सवय सोडली असती तर ही वेळ आली नसती." खरं असेल. मी नवी नवरी होऊन या घरात आले तेव्हा तुझ्या आजीनं पहाटे हातावर मिश्री ठेवली होती, दात घास म्हणजे दुपारपर्यंत भूक लागायची नाही. तेव्हा बायकांनी शेवटी जेवायचं आणि उरेल ते जेवायचं. त्या मिश्रीवर मी या घरातल्या माणसांना जेवायला वाढलं. तुलाही.

भाऊबीजेला तुम्ही आला होतात. फोटो काढताना तू म्हणालास, "आई, ओवाळणीचं ताट आत राहिलं बघ, आणतीस का?" ताट तुझ्या पायाशी होतं. मी आत गेले आणि उगाच डबे हलवत थांबले. फोटो झाल्यावर बाहेर आले. आता माझे फोटो काढणारं एकच माणूस राहिलंय, मुलाणी मॅडम. पांढऱ्या भिंतीपुढं उभं करतात, केस मागे, पदर खाली, एक समोरून, दोन बाजूंनी. मॅडम म्हणतात, काकू, मान वर, लाजू नका. मला तिथं लाज वाटत नाही.

त्याच दिवशी छकुली माझ्या मांडीवर होती. तिनं बोट माझ्या हनुवटीखाली दाबलं आणि काढलं तर खड्डा तसाच राहिला. "आज्जीला खळी पल्ली!" म्हणून हसली. परत दाबणार तेवढ्यात राजेश्वरीनं तिचा हात ओढून घेतला आणि नळाखाली धुतला. साबण लावून. हे लागत नाही रे कुणाला. मी तेव्हाही काही बोलले नाही. बोलले असते तरी कळलं नसतं.

आता तेलाची बाटली. गुरुवारी आपला होणारा जावई, अविराज, निकिताला सोडायला आला होता. पोरगा चांगला आहे. चप्पल दाराबाहेर सरळ लावतो. मी ओट्यावर उकिडवी बसून तांदूळ निवडत होते. त्यानं पिशवीतून बाटली काढली आणि म्हणाला, "मावशी, आईनं दिलंय तुमच्या गुडघ्यांना. दादा म्हणाले तुम्हाला खाली बसताच येत नाही, म्हणून साखरपुड्याला काका-काकू बसणार."

मी उकिडवी बसलेली, सूप मांडीवर. तो माझ्या गुडघ्यांकडं बघत होता आणि मी पदरानं हनुवटी झाकत होते. निकिता आत पळाली. हसायला पळाली असं मला वाटलं, पण ती रडत होती.

म्हणजे पाहुण्यांना तू आजार सांगितलाच नाहीस. तू मला दुसरा आजार दिलास. सदोतीस होवो न होवो, गुडघे तर तू आधीच सांगून बसला होतास. मग ती अट कशाला घातलीस? आप्पांना रोज सकाळी टेप ओढायला का लावलंस? मी तीन दिवस याच प्रश्नावर आहे.

आता मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुला दुसऱ्याकडून कळायला नको. मुलाणी मॅडमकडून माझ्या फोटोंच्या प्रती मागून घेतल्या, समोरचा आणि बाजूचा. निकिताला विचारलं. ती म्हणाली, "पाठव आई. मोडलं तर आत्ताच मोडू दे. पुढं कळल्यावर त्यांचं ऐकून कोण घेणार? मलाच घ्यावं लागंल." फोटो आणि एक चिठ्ठी आज अविराजच्या आईला, सारजाबाईंना, इंदापूरला टाकते आहे. चिठ्ठीत लिहिलंय, तेल पोचलं, उपकार आहेत, पण गुडघे धड आहेत. मला तोंडाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, ही त्यानंतरची सूज आहे. मुलीची आई अशी दिसते. बघून ठरवा.

अजून एक राहिलं. डॉक्टर म्हणाले, आतली सूज वाढली आणि श्वासाला अडलं तर गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल. आप्पांनी तुला सांगितलं नसेल. तू विचारलं असतंस तर त्यांनी सांगितलं असतं. तू फक्त मान विचारतोस.

दोन्ही पत्रं एकाच पेटीत टाकते.

गुडघे धड असलेली,
तुझी आई


॥ श्री महादेव प्रसन्न ॥

सांगवी
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

चि. दिग्विजय,

आशीर्वाद. पत्र पोचल्याचं तुझ्या फोनवरूनच कळलं. तू आप्पांवर ओरडत होतास ते मोठ्या आवाजावर सगळ्या ओट्यानं ऐकलं. "तिनं पोरीचं वाटोळं केलं, आप्पा! कुणी असले फोटो पाठवतंय व्हय?" आप्पा म्हणाले, "थांब, तिच्याकडं देतो," आणि फोन माझ्या कानाला लावला. तू ठेवून दिलास. मी चार शब्द जुळवून ठेवले होते, ते राहिले.

बुधवारी सारजाबाई आणि बापूसाहेब आले. न कळवता. मी सूज दाबायचा पट्टा बांधून मानेचे व्यायाम करत होते, उठायलाही वेळ मिळाला नाही.

सारजाबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घेतली. सगळेच घेतात. मग परत वर केली आणि बघत राहिल्या, हे मात्र सगळे करत नाहीत. चहा झाला. मी चहा घेत नाही म्हणून त्यांनी विचारलं, "गिळवत न्हाय का?" निकितानं सांगितलं, पातळच जातं, तेही हनुवटी छातीला लावून. मग सारजाबाई म्हणाल्या, "इहीणबाई, माजं तेल द्या माघारी. माजंच गुडघं दुखत्यात, तुमाला देऊन बसले हुते."

आम्ही दोघी हसलो. मी एका बाजूनं, त्या दोन्ही बाजूंनी.

एवढ्यावर झालं असतं तर मी तुला गोड पत्र लिहिलं असतं. पण बापूसाहेबांनी निकिताला समोर बसवून विचारलं, तू मिश्री लावतीस का? तंबाखू? ती नाही म्हणाली. "दावा बरं दात," ते म्हणाले. आणि माझ्या पोरीनं दात दाखवले. बैलबाजारात दाखवतात तसे. मला बोलायचं होतं, पण माझा शब्द जुळेपर्यंत तिनं तोंड मिटलंसुद्धा. सारजाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "झालं का समाधान? आता माजंबी बगा, मी बी घासतीया लग्नापासनं." त्यांच्या घरातही तीच मिश्री आहे, दिगू. फक्त तिथं अजून कुणी बघितलेलं नाही. मी निकिताकडून सारजाबाईंना म्हणवलं, मुलाणी मॅडमच्या दवाखान्यात एकदा तोंड दाखवून घ्या. त्या हो म्हणाल्या. जातील न जातील.

मग बापूसाहेब आप्पांना म्हणाले ते तुला जसंच्या तसं सांगते, कारण आप्पा तुला सांगणार नाहीत. "आजार कुणाच्या घरात न्हाय, सावळारामराव? त्याचं आमाला काय न्हाय. पर पोरगं बैठकीत बसून गुडघं म्हणलं आन आमी तेल पाठवत बसलो, गावात हसं झालं असतं आमचं. हितनं पुढची बोलणी तुमच्यासंगं. थोरल्याला मधी घेऊ नगा."

आप्पांनी मान हलवली. तुझ्या बाजूनं एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं होतं बोलतील.

सोयरीक राहिली. साखरपुडा त्याच तारखेला, रविवारी तीसला, इंदापूरला त्यांच्या दारात. पाटावर आम्ही दोघं बसणार. सरुबाईला कळवलं. ती म्हणाली, बरं झालं बाई, मला तर घास गोड लागत नव्हता. मोतिया साडी ती नेसून येणारच आहे, येऊ दे.

मुहूर्त सकाळचा आहे. राजेश्वरीनं निकिताला फोन करून सुचवलं म्हणे, दुपारनंतर ठेवा, तोवर आत्यांची, म्हणजे माझी, सूज जरा उतरते. तिला एवढं ठाऊक आहे हे ऐकून मला नवल वाटलं. पण नको. सकाळचंच माप खरं धरतात.

आठवड्याला आता तीनदा बारामतीला जाते. मॅडम गळ्यावरून खाली काखेकडं हलका हात फिरवायला शिकवतात, ते आप्पाही शिकले. हात जड होता, आता मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवतात. टेप नुसती टेकवतात. आकडा चाळीसच्या वर गेलाय, काल एक्केचाळीसला टेकला. सांगताना त्यांचा आवाज पडतो, पण खरा सांगतात. आतलं डिसेंबरात परत बघणार आहेत. नळी टळेल का, तेव्हा कळेल. भजनाला जाते, टाळ धरते, ओठ हलवते. देवाला कळत असावं.

तू विचारशील आता मी कुठं बसू. पाहुण्यांत बस. पुढच्या रांगेत बस, तुला कुणी हाकलणार नाही. व्हिडिओवाला येईल तेव्हा मला ताट आणायला पाठवू नकोस, एवढंच.

छकुलीला घेऊन ये. तिला पुन्हा दाबून बघायचं असेल, खड्डा किती वेळ राहतो ते, तर बघू दे. तिचा हात कुणी ओढायचा नाही.

आई